चिलखत अंगावर, वैशाख डोक्यावर
(बेळगावच्या शिवजयंती मिरवणुकीतला योद्ध्याचा वेश: थोडा इतिहास, थोडा अनुभव)

बेळगावची शिवजयंती आणि इतर ठिकाणची शिवजयंती यांत एक फरक आहे, तो घामाचा. महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारी ही तारीख पाळतं. तेव्हा पहाटे अंगावर शाल लागते. आपल्याकडे जुन्या परंपरेने वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, पाळणा म्हटला जातो आणि मग चित्ररथांची मिरवणूक निघते. कोणती तिथी खरी हा वाद या निबंधाचा विषय नाही. विषय आहे तो वैशाखात, ऐन उन्हाळ्यात, लोखंडाचं किंवा लोखंडासारखं काहीतरी अंगावर चढवून संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ट्रॉलीवर उभं राहणाऱ्या पोराचा.

गेली वीसेक वर्षं मी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या सजीव देखाव्याचा वेश सांभाळतो. महाराज कोण, खान कोण, मावळे कोण हे तालमीतली जुनी मंडळी ठरवतात. त्यांना नेसवणं, बांधणं आणि सकाळी सोडवणं माझ्याकडे असतं. या वर्षांत वेश फार बदलले. पूर्वी लोकरीचा विणलेला सदरा घेऊन त्यावर चंदेरी रंग मारला की झालं चिलखत. आता सिनेमे पाहून पोरं खऱ्या कड्यांचं चिलखत मागवतात, वर फायबरची छातीपट्टी, फोमचे खांदे, शिंगवाला शिरस्त्राण. दरवर्षी वेश जड होत चाललाय आणि दरवर्षी कुणी ना कुणी चक्कर येऊन पडतंय. म्हणून जुने लोक हे प्रकरण कसं पेलत होते ते मी शोधायला लागलो. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: आपल्या देखाव्यात जे इतिहासाला धरून नाही, बहुतेक वेळा तेच पोरांच्या जिवावर उठतं.

कोण काय घालत होतं

सतराव्या शतकात दख्खनेत चिलखत होतं, यात शंका नाही. लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेला सदरा म्हणजे चिलखत. त्यावर छाती, पाठ आणि दोन्ही कुशींना चार पत्रे बांधायचे, त्याला चार-आईना म्हणत. हाताला कोपरापर्यंत दस्ताना, डोक्याला लोखंडी टोप आणि टोपाच्या कडेने मानेवर लोंबणारी कड्यांची झालर. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात किंवा पुण्याच्या केळकर संग्रहालयात गेलात की ही मंडळी काचेच्या कपाटात भेटतात. पण हा सगळा सरंजाम मोगल मनसबदाराचा, आदिलशाही सरदाराचा, फार तर आपल्याकडच्या मोठ्या सरदाराचा. घोड्यालाही पाखर घालणाऱ्या जड घोडदळाचा.

मावळा वेगळा. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्यावरून निघून भर पावसात, रात्रीत, चिखलातून विशाळगडाकडे साठ-एक किलोमीटर धावणारी माणसं अंगावर दहा किलो लोखंड घेऊन निघाली असतील, हे मनाला पटत नाही. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगडाचा कडा चढणाऱ्यांचंही तेच. कापडी अंगरखा, चोळणा, कमरेला घट्ट शेला, डोक्याला पागोटं आणि हातात ढाल-तलवार. फार तर कापूस भरून रजईसारखा शिवलेला डगला. महाराजांची जी समकालीन चित्रं आपल्यापर्यंत आली आहेत, त्यांतही ते जामा आणि पगडी अशाच वेशात दिसतात, चिलखतात नव्हे.

मग महाराजांनी चिलखत घातलंच नाही का? घातलं, आणि ते कसं घातलं यातच आपला पहिला धडा आहे. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत त्या दिवसाचा वेश येतो: वर अंगरखा, आत चिलखत, वर पगडी, आत लोखंडी टोप. खानाचा वार बसला आणि चिलखताने तो झेलला. आता वेषाच्या नजरेने बघा. दिवस थंडीचे. चिलखत कापडाच्या आत, म्हणजे उन्हापासून झाकलेलं. घातलं ते एका भेटीपुरतं, धोका समोर दिसत असताना. काम झालं की उतरवायचं. दिवसभर मिरवण्यासाठी लोखंड कुणी अंगावर ठेवत नव्हतं. मिरवायला जरीचे कपडे होते.

वजन कुठे ठेवायचं

कड्यांचं चिलखत साधारण आठ ते बारा किलो भरतं. चार-आईना, टोप, दस्ताने धरले की आणखी तीन-पाच किलो. युरोपातलं अखंड पत्र्याचं चिलखत याहूनही भारी. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पंधराव्या शतकातल्यासारखी हुबेहूब चिलखतं घालून, ती घालण्याची सवय असलेल्या लोकांना त्यांनी ट्रेडमिलवर चालवलं. चालायला लागणारी ताकद दुपटीहून जास्त निघाली. तेवढंच वजन पाठपिशवीत घेतलं असतं तर इतकी लागली नसती. कारण दोन: पायांवर बांधलेलं लोखंड प्रत्येक पावलाला उचलावं लागतं, आणि छाती आवळलेली असल्यामुळे खोल श्वास घेता येत नाही, माणूस वरवर धापा टाकत राहतो.

हे आपल्याकडे लावून पाहू. पायांना जड काही बांधू नका. नडगीला पत्रा हवाच असेल तर पुठ्ठ्याचा करा, लांबून कळत नाही. छातीपट्टी बांधताना पोराला छाती फुगवून मोठा श्वास घ्यायला सांगा, तो धरून ठेवायला सांगा आणि मगच बंद आवळा. तालमीतल्या पोरांची छाती श्वास घेतल्यावर चांगली चार-पाच सेंटीमीटर फुगते. श्वास सोडल्यावर बांधलं तर रात्रभर त्याला अर्ध्या श्वासावर जगावं लागतं.

सगळ्यात मोठी युक्ती कमरेला आहे. चिलखताचं सगळं वजन खांद्यावर लोंबतं आणि तासाभरात मान, खांदे बधिर होतात. म्हणून चिलखत घातल्यावर पोराला दोन्ही हात वर करायला सांगायचं, चिलखत थोडं वर चढतं, आणि तसंच कमरेला रुंद पट्टा किंवा शेला घट्ट बांधायचा. हात खाली आले की कमरेच्या वर थोडा फुगा राहतो आणि निम्मं वजन कमरेच्या हाडावर बसतं. जुन्या चित्रांतले कमरबंद नुसती शोभा नव्हते. एकदा असा शेला बांधून दिला की पोरगं स्वतःच म्हणतं, "काका, हलकं झालं की!"

कड्या ॲल्युमिनियमच्या घेतल्या तर वजन लोखंडाच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं आणि दिव्यांच्या उजेडात फरक कुणाला दिसत नाही. आणि घरातलं खरं जुनं चिलखत कृपा करून मिरवणुकीत काढू नका. तीनशे वर्षांच्या गंजलेल्या कड्या घामाने आणि ओढाताणीने तुटतात, तुटलेली टोकं अंगात घुसतात. शंभर वर्षांवरची अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, हेही लक्षात असू द्या.

हलकं म्हणजे थंड नव्हे

हा मुद्दा मंडळांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. फोमचं चिलखत वजनाला काहीच नाही, म्हणून पोरं खुश असतात. पण शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. खऱ्या कड्यांमधून वारा जातो. फोममधून आणि फायबरमधून वाराही जात नाही, घामही जात नाही. दोन किलोचा फोम अंगाला चिकटून बसला तर दहा किलोच्या कड्यांपेक्षा जास्त उकडतो. वळवाच्या आधीची आपल्याकडची ती कोंदट संध्याकाळ आठवा, पान हलत नाही अशी. त्यात फोम म्हणजे अंगावर बंद केलेली खोली.

उपाय साधे आहेत. फोमच्या बगलेत, पाठीच्या कण्याच्या रेषेत आणि काखेखाली भोकं पाडा. देखाव्यात पाठ दिसतच नाही. आत सुती बनियन हवं, आणि प्रत्येकासाठी दोन-तीन जादा, म्हणजे मध्यरात्री ओलं बदलता येईल. नायलॉनचं जर्सी बनियन नको. कड्यांच्या आत पातळ डगला हवाच, नाहीतर खांदे सोलवटतात, पण कापूस फक्त खांद्यावर भरा, पोट-पाठ एकेरी ठेवा. वळीव आला तर भरलेला कापूस पाणी पितो आणि चिलखताइतकाच जड होतो. आणि महाराजांसारखं, लोखंडावर कापड. मिरवणूक उजेडी निघते, तेव्हा ऊन असतं. उन्हात तापलेल्या पत्र्याला हात लावून बघा म्हणजे कळेल. वर मलमलीचा अंगरखा आणि गळ्याशी, बाह्यांशी थोड्या कड्या दिसू दिल्या, तर देखावाही जास्त खरा दिसतो.

पाण्याबद्दल एक गोष्ट उघड बोलायला हवी, कारण कुणी बोलत नाही. पोरं पाणी पीत नाहीत ते तहान लागत नाही म्हणून नव्हे. वेश सोडल्याशिवाय लघवीला जाता येत नाही, म्हणून पीत नाहीत. दुपारपासूनच कमी पितात. हे खरं मूळ आहे. म्हणून चोळण्याची नाडी अशी ठेवा की वरचं चिलखत न काढता सोडता येईल, आणि वाटेवर कुणाच्या घरी जायचं ते आधी ठरवून ठेवा. आपल्या गल्ल्यांतली माणसं दार उघडतात, नुसतं सांगून ठेवावं लागतं. मग पोरं मोकळेपणी पितात. नुसतं पाणी नको; ओआरएसची पाकिटं, नाहीतर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दर अर्ध्या तासाला थोडं थोडं, तहानेची वाट न बघता.

उभं राहणं हेच खरं काम

देखाव्यातला योद्धा लढत नाही, उभा राहतो. चालणाऱ्या माणसाच्या पोटऱ्या आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. पुतळ्यासारखं उभं राहिलं की रक्त पायात साचतं, डोक्याला कमी पडतं आणि माणूस सरळ समोर कोसळतो. परेडवर उभे जवानही असेच पडतात. आपल्या शहरात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र असल्यामुळे प्रत्येक गल्लीत एखादा निवृत्त जवान असतो. त्याला विचारा, तो हेच सांगेल: गुडघे मागे ताणून कुलूप लावू नका, किंचित मोडते ठेवा, बुटाच्या आत पायाची बोटं सतत हलवत राहा, पोटऱ्या आवळत-सोडत राहा. बघणाऱ्याला काही कळत नाही.

काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका मंडळाचा मुलगा रात्री बाराच्या सुमारास असा पडला. लोखंडी कड्या, वर फोमची छातीपट्टी, डोक्याला फायबरचा टोप. दोन तास तो हललाच नव्हता. पडण्याआधी काही वेळ तो कायतरी विचित्र बोलत होता, पण बाजूच्यांना वाटलं संवाद म्हणतोय. वर चढून बघितलं तर अंग चटका बसेल इतकं तापलेलं. बंद सुटेनात, कारण पाठीवर गाठीवर गाठ. शेवटी विळ्याने कापले. ओल्या चादरी, बर्फ, पंखा, मग रुग्णवाहिका. दोन दिवसांनी पोरगं घरी आलं, देवाची कृपा. पण त्या रात्री एक माणूस मंडळातला म्हणत होता, "आत्ता उतरवू नका, पुढच्या चौकात परीक्षक आहेत."

म्हणून ही खूण सगळ्यांनी पाठ करून ठेवावी. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं, अंगावर काटा: लगेच खाली उतरवा, वेश सोडा, सावलीत पाय वर करून झोपवा, पाणी द्या. पण बडबड, गोंधळ, ओळख न पटणं आणि अंग भट्टीसारखं गरम: हा उष्माघात आहे, घाम येत असला तरी. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सगळा वेश काढा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मान-काख-जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि यासाठीच सगळे बंद कुशीला, एका ओढीत सुटणाऱ्या गाठीचे. जुन्या चार-आईन्याचे पट्टेही पाठीवर नव्हे, खांद्यावर आणि कुशीला असत.

डोकं, पाय आणि वरच्या तारा

टोप हा सगळ्यात त्रासाचा भाग. त्याच्या आत कापडी पट्ट्यांची जाळी करून डोकं आणि टोप यांत बोटभर पोकळी ठेवा, हवा खेळते. शिंगं तर आपल्याकडची नव्हेतच. चित्ररथ थांबला असेल तेव्हा टोप काढून मांडीवर धरायची मोकळीक द्या. सरदार टोप हातात घेऊन उभा राहिला तर इतिहास बिघडत नाही.

मारुती गल्ली, रामलिंगखिंड गल्ली अशा जुन्या वाटांवर विजेच्या तारा खाली असतात. ट्रॉलीची उंची, त्यावर किल्ल्याची उंची, त्यावर माणूस आणि वर उगारलेली तलवार किंवा भाला, हे सगळं जमिनीपासून मोजा. अंगावर लोखंड असलेल्या माणसाने उंच काही उगारायचं असेल तर ते लाकडाचं, चंदेरी रंगाचं. जनरेटरच्या वायरी योद्ध्याच्या पायाखालून नकोत. मशाल आणि फोम यांत हातभर नाही, चांगलं दोन माणसांचं अंतर हवं. फोम पेटला की वितळून कातडीला चिकटतो. शस्त्रं बोथट, टोकं गोल केलेली. आणि मोजडीला खाली रबरी तळ लावा. गुलालावर पाणी पडलं की रस्ता तेलासारखा होतो.

घोड्याचा हिशोब

कुणी घोड्यावर बसणार असेल तर मुक्या जनावराचाही हिशोब करा. जाणकारांचा साधा ठोकताळा असा की घोड्याने स्वार आणि खोगीर मिळून आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं नेऊ नये. वरातीसाठी भाड्याने मिळणारा घोडा तीनशे किलोचा धरला तर साठ किलो. सत्तर किलोचा जवान, वर दहा किलोचं चिलखत, खोगीर वेगळं. हिशोब तिथेच चुकतो.

इथे इतिहासही उलगडतो. मराठ्यांची भीमथडी तट्टं ठेंगणी, काटक, डोंगरात चपळ. असल्या घोड्यावर जड चिलखताचा स्वार बसवला तर चपळाई गेली. हलका स्वार, हलकं सामान, लांबची मजल हे मराठी घोडदळाचं बळ होतं. म्हणून घोड्यावर हलक्या अंगाचा पोरगा, सुती अंगरख्यात बसवा. ते जास्त मराठी दिसेल.

प्रत्येकाला एक हुजऱ्या

जुन्या काळी चिलखत घालणारा माणूस ते एकट्याने घालत नव्हता. घालायला, काढायला, घोडा धरायला, पाणी द्यायला माणसं होती. आपण वेश घेतला, माणसं विसरलो. प्रत्येक चिलखतधाऱ्यामागे एक हुजऱ्या नेमा. त्याच्याकडे कात्री, पाण्याची बाटली, ओला टॉवेल, कोरडं बनियन आणि एकच अधिकार: त्याने "उतर" म्हटलं की उतरायचं, मग समोर परीक्षक असोत की पालकमंत्री. एका भूमिकेला दोन पोरं तयार ठेवा आणि तासा-दीड तासाला पाळी बदला. नेसवून आधी दोन-तीन संध्याकाळी तासभर गच्चीवर उभं करा. शरीराला उष्णतेची सवय हळूहळूच होते. ज्याला आदल्या दिवशी ताप, जुलाब किंवा जागरण झालंय त्याला त्या वर्षी खाली ठेवा, कितीही रुसला तरी.

हे सगळं मंडळांना सांगताना मला हमखास ऐकायला मिळतं, "काका, लोकांना भारी दिसायला पाहिजे." दिसू दे की. एक सरदार पूर्ण चिलखतात, तोही पाळीने. आणि त्याच्याभोवती पागोट्यातले, शेल्यातले, अनवाणी वाटावेत असे दहा मावळे. असा देखावा बघणाऱ्याला एका नजरेत सांगतो की लोखंडात मढलेल्या सत्तांसमोर सुती कपड्यातली माणसं कशी उभी राहिली. सगळ्यांनाच लोखंडात मढवलं तर ही गोष्टच पुसली जाते.

शेवटी वाचकांना एक विनंती. बेळगाव, खानापूर, चंदगड भागात जुन्या इनामदार-देसाई घराण्यांच्या देवघरांत, माळ्यावर चिलखताचे तुकडे, टोप, दस्ताने अजून असतील. ते घासूनपुसून चकाकवू नका, चिंच-लिंबू लावू नका, कोरड्या सुती कपड्यात ठेवा. फक्त स्वयंपाकघरातल्या नव्हे, जरा मोठ्या काट्यावर वजन करा, छातीचा घेर आणि लांबी मोजा आणि आमच्या मंडळाला कळवा. आपल्या भागात लोक खरोखर किती वजन अंगावर घेत होते, याची नोंद आपल्याच हातांनी होईल. पुढच्या वैशाखात ट्रॉलीवर चढणाऱ्या पोराच्या अंगावर किती ठेवायचं, हे ठरवायला तीच नोंद कामाला येईल.